सापाच्या इंजेक्शनात घोडं कुठून आलं?

आर्णीकर:
निंदण चालू असताना भाच्याले परड नावाचा साप चावला. सरकारी दवाखान्यात नेलं, पोरगा आता बरा हाय. आमचा बुढा मारलेली परड पिशवीत घेऊन मागून आला, पण डॉक्टरनं तिच्याकडं नीट पाहिलंही नाही. काचेच्या नळीत रक्त घेतलं, वीस मिनिटं तसंच ठेवलं, मग सलाईनमधून औषध सोडलं. नर्सबाई म्हणे, हे घोड्याच्या रक्तातून बनते. हे सुचलं कोणाले? अन् साप काहून नाही पाहिला?

जुना फार्मासिस्ट, वर्धा:
आल्बेर काल्मेट, फ्रेंच डॉक्टर. भाच्याच्या दंडावर बीसीजीचा व्रण असेल, त्या लसीतला 'सी' म्हणजे हाच माणूस. १८९१ मध्ये तो व्हिएतनामच्या सायगॉनला होता. तिकडं पुरात नाग घरांत शिरले, माणसं दगावली. त्यानं जनावरांना नागाचं विष थोडं थोडं वाढवत टोचलं. जनावर तगतं आणि त्याच्या रक्तात विषाचा उतारा तयार होतो. पॅरिसमध्ये फिजालिक्स आणि बर्ट्रांड यांनीही १८९४ मध्ये हेच दाखवलं. घोडा घेतला कारण अंगानं मोठा, रक्त भरपूर.

काल्मेटला वाटलं, नागाचा उतारा सगळ्या सापांना चालेल. नाही चालला! ब्राझीलच्या विटाल ब्राझील (हो, नावच तसं) यानं दाखवलं की ज्याचं विष, त्याचाच उतारा. म्हणून आपल्याकडच्या कुपीत नाग, मण्यार, घोणस (म्हणजे तुमची परड) आणि फुरसं, चौघांवरचा उतारा एकत्र असतो. मग साप कशाला पाहायचा? परडीच्या विषानं रक्त गोठत नाही. वीस मिनिटांनी नळी कलती केली आणि रक्त वाहिलं, की काय ते कळलं.

आशाताई, धानोरा:
बुढ्याले सांगा, मेलेल्या सापाचं मुंडकंही चावते. साप मारण्यात वेळ घालवू नका. आमच्याकडं मण्यारीचा त्रास जास्त. रात्री खाली झोपलेल्याले चावते, ना सूज ना आग. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, अन् घरचे म्हणतात अपचन झालं.

आर्णीकर:
औषध सुरू होताच भाचा थडथड कापला, अंगावर गांधीही उठल्या. ते विषानं का?

जुना फार्मासिस्ट, वर्धा:
बहुतेक औषधानंच. घोड्याची प्रथिनं काहींच्या अंगाला मानवत नाहीत. म्हणून अ‍ॅड्रेनालिन (असा त्रास आवरणारं औषध) आधी भरून बाजूला ठेवतात. घरी, गाडीत ही कुपी टोचून घेऊ नये ती याचसाठी.