पोर्ट सिक्युरिटी ग्रँटच्या अर्जासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ह्यूस्टन शिप चॅनलवरच्या एका छोट्या खासगी टर्मिनलची सुरक्षा माझ्याकडे आहे. फेमाच्या (अमेरिकेची आपत्ती व्यवस्थापन संस्था) पोर्ट सिक्युरिटी ग्रँटसाठी, म्हणजे बंदर सुरक्षेच्या अनुदानासाठी, अर्ज करायचाय. धक्क्यावरचे कॅमेरे खाऱ्या हवेने पार गेलेत. रात्री बार्ज (सपाट मालवाहू नाव) लागली की पडद्यावर नुसता पांढरा डाग. सरकारी बंदरांना खर्चाचा २५ टक्के वाटा उचलावा लागतो, आम्हा खासगीवाल्यांना ५०. तो साहेबांनी मंजूर केलाय. अडलंय पुढेच. कोस्ट गार्डचे कॅप्टन ऑफ द पोर्ट (बंदराच्या सुरक्षेचे प्रमुख अधिकारी) अर्ज तपासताना एरिया मेरिटाइम सिक्युरिटी प्लॅनशी, म्हणजे त्या भागाच्या सागरी सुरक्षा आराखड्याशी, मेळ बघतात, आणि तो प्लॅन सगळ्यांना खुला नसतो. मग एरिया कमिटीच्या (या भागाच्या सागरी सुरक्षा समितीच्या) बैठकीत आधी विषय काढावा का? जुने कॅमेरे बदलणं म्हणजे नुसती देखभाल असा शिक्का बसेल, याची फार धास्ती वाटते. कुणी असा अर्ज लिहिला असेल तर गरज कशी मांडलीत, प्लीज सांगा.