एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) ची फिनिशिंगची चिप, म्हणजे कापताना निघणारा धातूचा कीस, तुटत नाही, काय करावं?

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं जॉबवर्कचं छोटं शॉप आहे. सध्या सीएनसी लेथवर (संगणकावर चालणाऱ्या लेथवर) एसएस ३०४ चे पंप शाफ्ट चालू आहेत. इन्सर्ट (कापणारं कार्बाइडचं टोक) सीएनएमजी १२०४०८, स्पीड मिनिटाला १५० मीटर. रफिंगला १.५ मिमी कट आणि ०.२५ फीडवर (दर फेऱ्याला टूल ०.२५ मिमी सरकतं) चिप छान तुटून ट्रेमध्ये पडते. फिनिशिंगला मात्र ०.३ मिमी कट, ०.०८ फीड घेतला की अखंड तार निघते. जॉबला आणि चकच्या जॉला गुंडाळते, तयार फिनिशवर ओरखडे उठतात.

खरी काळजी पुढची आहे. दर जॉबला मशीन थांबवायला नको म्हणून पोरं स्पिंडल फिरत असतानाच दार उघडून हुकने तार ओढायला बघतात. ही तार ब्लेडसारखी कापते, आणि हातमोजा अडकला तर अख्खा हात आत ओढला जातो. फिरत्या जॉबजवळ हातमोजे बंद केलेत, इंटरलॉकला (दार उघडं असताना मशीन चालू न देणाऱ्या स्विचला) कुणी हात लावायचा नाही हेही बजावलंय. पण चिप तुटेपर्यंत हा मोह जाणार नाही, असं माझं मत आहे.

कट ०.३ आणि इन्सर्टच्या टोकाची गोलाई (नोज रेडियस) ०.८ मिमी, म्हणजे चिप ब्रेकरपर्यंत (इन्सर्टवरच्या चिप तोडणाऱ्या खाचेपर्यंत) पोचतच नसावी. ०.४ रेडियसचा १२०४०४ फिनिशिंग ब्रेकरचा लावून फीड ०.१२ केला तर आरए (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) १.६ मायक्रॉन टिकेल का? फिनिशिंगला ०.५ मिमी ठेवणं बरं, की हाय प्रेशर कूलंटचा पंप बसवू? ३०४ रोज चालवणाऱ्यांनी आपला इन्सर्टचा ग्रेड आणि फीड कृपया सांगा.