माणूस जिवंत आहे, मग रडता कशाला?

रोखठोक
काल इथे एकीने लिहिलं, 'भाऊ तुरुंगात गेला आणि घरात कुणी वारल्यासारखं झालंय.' माफ करा, पण वारलेला माणूस कोर्टाच्या तारखेला दिसत नाही. तुमचा दिसतो. रडायचं तर ज्याचं नुकसान झालं त्याच्या घरच्यांनी रडावं. तुम्ही वकील बघा.

उंबरठा
ती 'एक' मीच. तीन तारखांना गेले. पहिल्यांदा आणलंच नाही, दुसऱ्यांदा पाठ दिसली, तिसऱ्यांदा पुढची तारीख. कुणी वारलं तर चार माणसं येऊन बसतात तरी. आमच्याकडे बेल वाजली की आई आतल्या खोलीत जाते. अमेरिकी संशोधक पॉलीन बॉस यांनी १९७०च्या दशकात याला नाव दिलंय, संदिग्ध वियोग. माणूस असतो आणि नसतोही.

रोखठोक
बॉसबाईंनी बेपत्ता सैनिकांच्या घरच्यांवर काम केलं होतं. तुम्हाला तर पत्ता ठाऊक आहे, बराकीसकट!

दोघांचीआई
भांडा तुम्ही. मुलांना काय सांगता ते सांगा. मी 'बाबा परदेशी' म्हटलं. धाकटा तिथे किती वाजले विचारायला लागला, म्हणून मोबाइलवर त्या देशाचं घड्याळ लावलंय.

सातवीतुकडीब
काढा ते घड्याळ. मला वर्गातल्या पोराने सांगितलं होतं. बाबांवरचा राग गेला, आईवरचा अजून आहे.

दोघांचीआई
सहा वर्षांच्या मुलाला कलमं शिकवू?

सातवीतुकडीब
कलमं कोण म्हणतंय? 'बाबांनी नियम मोडला, त्यांना एका जागी राहावं लागतंय, तुझी काही चूक नाही.' संपलं.

दोघांचीआई
आणि त्याने ते शाळेत सांगितलं की निस्तरायला तुम्ही येणार? सासरच्यांनी ग्रुपमधून मलाच काढलंय. केलं त्याने!

उंबरठा
विषय माझा होता, असो. आमचे बाबा वारले तेव्हा भावाला दुसऱ्या दिवशी कळलं. मंडेलांना आईच्या (१९६८) आणि मुलाच्या (१९६९) अंत्यविधीला जाऊ दिलं नव्हतं.

रोखठोक
मंडेला कुठे, तुमचा भाऊ कुठे!

उंबरठा
संयुक्त राष्ट्रांचे कैद्यांबद्दलचे २०१५चे नियम त्यांच्या नावाचे आहेत, एकट्या त्यांच्यासाठी नाहीत. सत्तरावा वाचा: जवळचं माणूस गेलं तर कैद्याला लगेच कळवायचं, शक्य असेल तर अंत्यविधीला जाऊ द्यायचं.

रोखठोक
वाचला. वडिलांचं ठाऊक नव्हतं. रडा बाई, माझी परवानगी कशाला हवी? पण पुढच्या तारखेआधी वकिलाला फोन करा, फेरी फुकट जाणार नाही.

उंबरठा
उचलत नाही तो.