वाटणीपत्रात म्हशींच्या खाली बाईचं नाव. पुढचा माग कसा काढायचा?

महालची लेक
आमचा नागपूरच्या महाल भागातला वाडा पाडायला काढलाय. माडीवरच्या पेटीत मोडी कागदांचा बस्ता निघाला. पूर्वज भोसल्यांच्या फडात कारकून होते, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कागदांत शके १७५२ चं, म्हणजे १८३० सालचं, तिसऱ्या रघुजींच्या काळातलं दोन भावांचं वाटणीपत्र आहे. थोरल्याच्या वाट्याला काटोलकडच्या जमिनीचा हिस्सा, तांब्याची घंगाळं, दुभत्या म्हशी आणि त्याच ओळींत 'कुणबीण एक, पोरासुद्धा' (कुणबीण ही इथे जात नव्हे, घरात राबणारी गुलाम बाई). धाकट्याच्या वाट्याला दुसरी. दोघींपुढे रुपये मांडलेत, जसे म्हशींपुढे मांडलेत. नावं आहेत, बापाचं नाव नाही, गाव नाही. पोराचं तर नावही नाही. नावं इथे लिहीत नाही, त्यांची नातवंडं-पतवंडं याच शहरात असतील.

काकाजी कुलवृत्तांत छापायला घेतायत. ते म्हणतात, "घरची कामवाली होती, लिहायचं काय त्यात?" पण कामवालीची वाटणी होत नाही. मला तिचं आणि पोराचं पुढे काय झालं ते शोधायचंय. घरात मृत्युपत्र एकही नाही. आता कुठले कागद बघू?

मोडीवाचक, सीताबर्डी
ताई, मृत्युपत्राच्या मागे लागू नका. एकत्र कुटुंबात त्या काळी मालमत्ता वाटणीने जायची, मृत्युपत्रं आली ती बहुतेक इंग्रजी अंमल आल्यावर. तुमच्या बस्त्यातच आणखी तीन ठिकाणी बघा: लेकीच्या लग्नातली आंदणाची यादी (कुणबिणी आंदण दिल्या जात), दानपत्रं, आणि सगळ्यात महत्त्वाची घरखर्चाची वही. लुगडं, धान्य, बाळंतपणाचा खर्च तिथे नावानिशी पडतो. विकत घेतल्याची नोंदही सापडेल. मराठी दप्तरांत लमाणांनी बायका आणून विकल्याचे कागद आहेत, दुष्काळात विकलेल्या मुलींचे आहेत, आणि 'बदअमल', म्हणजे व्यभिचार, ठरवून सरकारने कुणबीण केलेल्या बायांचेही आहेत. तिचं पोरही मालकाच्याच मालकीचं धरलं जाई. म्हातारपणी, किंवा बदली दुसरी बाई दिल्यावर सोडल्याचे कागद मिळतात. तारखेच्या जागी 'सलासीन', 'मयातैन' असे अरबी संख्याशब्द दिसले तर तो शुहूर सन, इसवी सन काढायला त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा.

आता कायद्याचं. कंपनीच्या मुलखात १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामावरचा हक्क कोर्टात चालेनासा झाला. पण नागपूर तेव्हा भोसल्यांचं होतं. रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. दंडसंहितेचं ३७० वं कलम, गुलाम म्हणून माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा, ते लागू झालं १८६२ मध्ये. त्यानंतर कागदांतून 'कुणबीण' नाहीशी होते, बाई मात्र त्याच वाड्यात असते. म्हणून पुढे तिला शोधू नका, तिला दिलेला तुकडा शोधा. १८६० च्या दशकात नागपूर जिल्ह्याचा बंदोबस्त, म्हणजे जमिनीची नोंद आणि साऱ्याची ठरावणी, झाला. काटोलकडच्या त्या गावाचा वाजिब-उल-अर्ज (गावच्या रीती-हक्कांची नोंद) आणि खसरा (शेतवार नोंदवही) काढा. मालगुजाराने, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या मालकाने, कुणाला माफीने, म्हणजे बिनलगान, शेत दिलंय का, कुणी मालिक-मकबुजा, म्हणजे आपल्या शेतापुरता मालक, म्हणून नोंदलाय का, आणि त्याच्या नावापुढे बापाऐवजी आईचं नाव आहे का, ते पाहा. मला वाटतं, वाटणीपत्रातलं ते पोर भेटलंच तर तिथेच भेटेल.

दाव्यांचे कागदही सोडू नका. मिताक्षरा या जुन्या वारसाग्रंथाप्रमाणे शूद्र घरात दासीपुत्राला, म्हणजे मालकापासून दासीला झालेल्या मुलाला, हिश्शाचा हक्क होता, द्विजांकडे, म्हणजे वरच्या तीन वर्णांत, फक्त पोटगीचा. त्यावरून दावे झाले, आणि दाव्यात आईची सगळी हकीकत साक्षीदारांच्या तोंडून येते.

धरमपेठकर
सगळ्याच सरदार-कारभाऱ्यांच्या घरी ही रीत होती. दोनशे वर्षांनी उकरून घरातल्या माणसांना दुखवण्यात काय हशील?

महालची लेक
दादा, घंगाळांची याद काकाजी अभिमानाने छापतायत, त्याच कागदावरून. मग त्याच पानावरची दोन माणसं का गाळायची? त्याही आमच्याच घरात राबून मेल्या असतील.

काटोल रोड
मी दुसऱ्या बाजूचा. आमची आजी म्हणायची, "आपण वाड्यावरचे." कुठला वाडा, ते कधी सांगितलं नाही. आमच्याकडे दोन एकर शेत आहे. ते कसं आलं विचारलं की घरात सगळे विषय बदलत. खापरपणज्याच्या नावापुढे खरंच बाईचं नाव लागलंय, मी जुन्या नकलेत पाहिलंय, आणि आजवर ते लिहिणाऱ्याची चूक समजत होतो. ताई, तुमचं घर तेच असेल असं मी म्हणत नाही. पण नाव सापडलं तर छापण्याआधी त्या घरी जा. आमच्या घरात काही जणांना कळायला हवंय, काहींना अजिबात नको. ते आमचं आम्हाला ठरवू द्या.

महालची लेक
दादा, शब्द देते. विचारल्याशिवाय कुणाचं नाव छापणार नाही. वाटणीपत्राची ओळ मात्र, नाव झाकून, कुलवृत्तांतात यावी म्हणून काकाजींशी भांडत राहीन. खर्चाची वही मिळाली आहे. उधईने अर्धी खाल्लीय, पण शके १७५५ ची पानं शाबूत आहेत, आणि तिच्या नावावर 'बाळंतविडा' पडलाय. म्हणजे दुसरं मूल. मोडीवाचक काका, पुढची ओळ लागत नाहीये, फोटो टाकते, बघाल का? आणि वाजिब-उल-अर्जाची नक्कल मागताना गावाचं आजचं नाव चालतं की परगण्यासकट जुनं द्यावं लागतं?

मोडीवाचक, सीताबर्डी
दोन्ही लिहा. फोटो उजेडात, तिरपा न धरता काढा. समासही येऊ द्या, रक्कम तिथेच असते.