सोसायटीत मुलांना ‘रेक-इट राल्फ’ दाखवायचाय, कुठे जपावं?

कोथरूडची_आई
दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर ‘रेक-इट राल्फ’ लावायचं चाललंय. मुलं ५ ते ११ वर्षांची. घाबरवणारं काय आहे आणि नेमकं कुठे? काही पालक म्हणतात, आधीच हातातून मोबाईल सुटत नाही, त्यात गेमचाच सिनेमा कशाला? नंतर मुलांना काहीतरी करूनही दाखवायचंय.

रीळवेडा
खुशाल लावा. डिस्नेचा २०१२ चा सिनेमा, दिग्दर्शक रिच मूर, लांबी १०१ मिनिटं.

राल्फ हा एका व्हिडिओ गेममधला खलनायक. पदक मिळवायला तो ‘हीरोज ड्यूटी’ या बंदुकांच्या गेममध्ये शिरतो, तिथे सायबग नावाचे किडे अंधारातून अंगावर येतात. झगझगाटही भरपूर. स्पीकरचा आवाज याच प्रसंगावर जुळवा; सुरुवातीच्या संवादांवर जुळवलात तर इथे कानठळ्या बसतील. मागचे दिवे चालू ठेवा. कोणाला फिट्स येत असतील तर त्या पालकांशी आधीच बोलून घ्या. त्याच गेममधल्या सार्जंट कॅल्हून या सैनिक बाईच्या आठवणीत भर लग्नात किडा नवरदेवाला गिळतो, ते चटकन येऊन जातं. शेवटी शर्यतीच्या गेमचा राजा किंग कँडी आणि किडा एक होतात, तेव्हा लहानग्यांजवळ कोणीतरी बसलेलं असू द्या.

पण मुलं रडतात ती किड्यांमुळे नाही. त्याच शर्यतीच्या गेममधली छोटी वेनेलोपी स्वतः केलेलं बिस्किटाचं पदक राल्फला देते आणि थोड्याच वेळात तो तिच्यादेखत तिची गाडी फोडून टाकतो. हा भाग कृपा करून गाळू नका, सिनेमाचा जीव तिथे आहे. तो गाडी का फोडतो हे इंग्रजीत भराभर सांगितलंय, म्हणून ते मराठीत सांगा: ती शर्यतीत दिसली तर गेम बिघडलाय असं समजून मशीन बंद करतील आणि ग्लिच (गेममधला बिघाड) असल्यामुळे तिला बाहेर पळता येणार नाही, असं किंग कँडीनं राल्फच्या मनात भरवलेलं असतं. तिच्या भल्यासाठी म्हणून तो तिला न विचारता ठरवतो. मोठ्या मुलांशी बोलायचं ते यावरच.

कोथरूडची_आई
मध्यंतर कुठे करू?

रीळवेडा
गाडी फोडण्याच्या आधी, ते दोघं कारखान्यात गाडी बनवतात त्यानंतर. फोडल्यावर मात्र राल्फच्या गेमचा नायक फेलिक्स ती दुरुस्त करेपर्यंत थांबवू नका, नाहीतर मुलं तसंच रडवेलं तोंड घेऊन चिवड्याला उठतील.

जुना_जॉयस्टिक
आताच्या मुलांनी नाणं टाकून खेळायची मशीन पाहिलेली नसतात. सुरू करण्याआधी एक एक्स्टेंशन बोर्ड हातात धरून दाखवा: सगळ्या मशीनच्या वायरी इथे येतात, रात्री आर्केड (अशा मशीनचं दुकान) बंद झालं की पात्रं याच बोर्डात भेटतात. आणि एक नियम सांगा: आपल्या गेममध्ये मेलं तर परत उठता येतं, दुसऱ्याच्या गेममध्ये मेलं की संपलं. एवढं कळलं तर लहान मुलं ‘आता काय झालं?’ विचारत बसत नाहीत. खलनायकांच्या बैठकीतलं नारिंगी भूत १९८० च्या पॅक-मॅनमधलं आहे, तेही दाखवा.

पालकांच्या शंकेबद्दल: आर्केडच्या मशीनवर खेळ हरला की संपतो आणि परत खेळायला नवं नाणं लागतं. मोबाईलवरच्या बऱ्याच गेमना असा शेवटच नसतो. मुलांना विचारा, ‘तुझा गेम कुठे थांबतो?’ घरीसुद्धा ‘वीस मिनिटं’ म्हणण्यापेक्षा ‘ही फेरी झाली की बंद’ जास्त चालतं. मध्येच हातातून फोन ओढला की भांडण ठरलेलं.

रसायन_वर्ग
शेवटी डाएट कोलाचा डोंगर मेंटॉसमुळे उसळतो, तेच करून दाखवा. डाएट कोलाची २ लिटरची बाटली आणि पुदिन्याच्या मेंटॉसच्या ६-७ गोळ्या. बाटली फ्रीजमधली नको. गार पेयात वायू विरघळून राहतो आणि कारंजं बुटकं होतं. गोळीच्या खडबडीत पृष्ठभागावर बुडबुडे पटापट तयार होतात आणि ती तळाशी जात असल्यामुळे सगळं पेय वर ढकललं जातं.

फसतं ते गोळ्या एकेक टाकल्यामुळे. पहिल्या गोळीलाच फेस येतो आणि बाकीच्या आत जात नाहीत. कागदाची नळी करा, खाली पुठ्ठ्याचा तुकडा धरा, सगळ्या भरून पुठ्ठा झटकन ओढा. बाटली सपाट जमिनीवर, मुलं दहा-बारा फूट लांब आणि पुठ्ठा ओढणारा माणूस मोठाच हवा. डाएट कोला अशासाठी की साखर नसल्यानं फरशी चिकट होत नाही, तरी लगेच पाणी मारा. पार्किंगमध्ये करणार असाल तर गाड्या आधी हलवायला सांगा.