बाक कुठे ठेवलाय, ते बघा

'सोसायटीत क्लब हाउस आहे, बाग आहे, तरी कोणी कोणाशी बोलत नाही. माणसंच बदलली' असं बरेच जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराला रस्त्यालगत ओटा होता, गुडघाभर उंच. आजी तिथे भाजी निवडत बसायची. येणारा-जाणारा दोन शब्द बोलून जाई. थांबायचं तर टेकायला जागा, नाही तर चालू लागायचं. कोणाच्या घरात शिरायचा संकोच नाही. खरी गोम त्यातच होती. आता पार्किंगमधून लिफ्ट, लिफ्टमधून थेट दार. भेटणार कुठे?

शहरांचे अमेरिकन अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या चौकांचं चित्रीकरण करून हेच टिपलं: बसायला जागा असली की माणसं बसतात, आणि सुटी खुर्ची मिळाली तर आधी ती जराशी सरकवून घेतात.

आमच्या सोसायटीत मागच्या बागेतले दोन बाक गेल्या वर्षी फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली आणले. शाळेची बस तिथेच थांबते. आता बस गेली तरी बराच वेळ कोणी हलत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंशी मी सहा वर्षांत पहिल्यांदा तिथेच बोलले.