मिसळीच्या जादा कटाचे पैसे लावावेत का? (चर्चेचा धागा, प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

मटकीमोड

सकाळी सातला शटर वर आणि साडेअकराला पातेली घासायला, अशी घरच्याच माणसांनी चालवलेली मिसळीची हॉटेलं तालुक्याच्या गावागावांत आहेत. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आता भिंतीवर ‘जादा कट १५ रुपये’ अशी पाटी दिसते आणि तिच्यावरून गल्ल्यापाशी वाद होतात. कट म्हणा, रस्सा म्हणा, पुण्यात सॅम्पल म्हणा, दुसऱ्यांदा मागितलेल्या वाटीचे पैसे घ्यावेत असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण चवीचं आहे.

२० लिटर कटाला काय लागतं ते आधी पाहू. कोल्हापुरी वळणाच्या कटाला दोन किलो कांदा, एक किलो सुकं खोबरं, पाव किलो लसूण, दीडशे ग्रॅम आलं, ४०० ग्रॅम कांदा-लसूण मसाला, दीड लिटर तेल आणि साधारण २४० ग्रॅम मीठ. कांदा उभा चिरून तांबूस-काळपट होईस्तोवर भाजायचा. खोबरं वेगळं भाजायचं, कारण एकत्र टाकलं तर कांद्याला पाणी सुटतं आणि खोबरं भाजलंच जात नाही. वाटण गंधासारखं बारीक हवं. ते तेलात मंद आचेवर २०-२५ मिनिटं, कडेने तेल सुटेपर्यंत परतायचं. मसाला शेवटी, आच उतरवून. तिखट करपलं की अख्खं पातेलं कडू. मग मटकी शिजवलेलं पाणी आणि वरून उकळतं पाणी. तेल १४० रुपये लिटर, खोबरं ३०० रुपये किलो, मसाला ५०० रुपये किलो धरला तर गॅससकट हे पातेलं ९०० रुपयांच्या घरात जातं. म्हणजे १५० मिलिलिटरची वाटी सात रुपयांना पडते.

आता साडेनऊला काय होतं ते बघा. पातेलं निम्म्यावर आलेलं, बाहेर माणसं उभी. मालक पाच लिटर पाणी ओततो, मूठभर तिखट टाकतो, मीठ टाकतो. तवंग तर वरच तरंगत असतो, तो आधीच्या गिऱ्हाइकांच्या वाट्यांत गेलेला. खाली उरलं ते लाल पाणी. ते दाट दिसावं म्हणून बेसन लावतात किंवा उकडलेला बटाटा कुस्करून टाकतात. बेसन तेल धरून ठेवतं, तवंग गायब होतो, पातेलं बुडाला लागतं आणि घशाशी कच्चट चव राहते. साडेनऊनंतर येणारा माणूसही पूर्ण पैसे देतो. फुकटच्या वाट्यांची किंमत तो चुकवतो.

गल्ल्यावरून

वाटीमागे सात रुपये हा हिशेब बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष पटत नाही. दोष मापाचा आहे, फुकट देण्याचा नाही.

मिसळीवर पहिल्यांदा २०० मिलिलिटर कट जातो. जादाची सरासरी एक वाटी धरा, म्हणजे माणशी ३५० मिलिलिटर. २० लिटरमध्ये ५७ प्लेटा निघतात. सोळा माणसं बसायची जागा असेल आणि रविवारी आठ ते अकरा प्रत्येक खुर्ची वीस मिनिटांनी मोकळी झाली, तर १४४ प्लेटा जातात. त्यांना ५० लिटर कट लागतो. ज्याने २० लिटर केला त्याला पाणी ओतावंच लागणार, मग पाटी लावा नाहीतर काढा.

यावर साधा उपाय आहे. परतलेला मसाला पुऱ्या ५० लिटरचा पहाटेच करून ठेवायचा, पण पाणी घालायचं दहा-दहा लिटरला. अडीच किलो तयार मसाल्याला आठ लिटर उकळतं पाणी, दहा मिनिटं उकळी, मग आच बारीक. एक पातेलं चालू आणि दुसरं चढवलेलं असं ठेवलं की साडेदहाच्या माणसाला आणि साडेसातच्या माणसाला एकच कट मिळतो. गार पाणी मात्र घालायचं नाही. उकळी मोडते आणि तवंग वर यायला वेळ लागतो, नेमका गर्दीच्या वेळी.

वाटी मोजायची म्हटलं की वाढपी अडकतो. सहा टेबलांत कोणी किती वेळा मागितलं हे त्याने लक्षात ठेवायचं, आणि बिलाच्या वेळी ‘दोन घेतल्या, तीन नाही’ यावर तीन मिनिटं जायची. त्यापेक्षा मिसळीचा भाव सात-आठ रुपयांनी वाढवावा आणि कट मोकळा ठेवावा. शिवाय कट असला की जादा पाव खपतो. पावाचे पैसे सगळेच लावतात आणि त्यावर कुणाची तक्रार नसते.

मटकीमोड

भाव सगळ्यांना वाढवला तर एकच वाटी खाणारी म्हातारी माणसं आणि मुलं चार वाट्या पिणाऱ्याचा खर्च उचलतात. हे न्यायाचं वाटत नाही. दहा-दहा लिटरची रीत मात्र उत्तम आहे, ती मान्यच. तरीही ५० लिटरचा मसाला पहाटे परतायला मोठी कढई, जास्तीची शेगडी आणि चार वाजता उठणारा आचारी हवा. नवरा-बायको मिळून चालवतात तिथे हे जमत नाही.

स्टँडसमोर

या चर्चेत एक माणूस दिसतच नाही. एसटी स्टँडसमोर किंवा मार्केट यार्डाच्या फाटकाशी असलेल्या हॉटेलात सकाळी हमाल, ट्रकचे क्लीनर, गवंडी येतात. त्यांना दुपारी दोनपर्यंत पोटाला आधार लागतो. एक मिसळ, वर दोन जोडपाव आणि हवा तेवढा कट, हे त्यांचं जेवण आहे. मटकी आणि फरसाण लवकर संपतं, उरलेला पाव कटात बुडवूनच खाल्ला जातो. दोन जादा वाट्यांचे ३० रुपये लावले की तो माणूस मिसळ सोडून वडापाव घेईल. सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन येणाऱ्याला १५ रुपये जाणवत नाहीत, यांना रोज जाणवतात. गावातलं हॉटेल या रोजच्या माणसांवर चालतं. रविवारची गर्दी चार महिन्यांत दुसऱ्या हॉटेलाकडे वळू शकते.

इडलीवाले

बऱ्याच उडपी हॉटेलांत सांबार तिसऱ्यांदा मागितलं तरी पैसे लावत नाहीत. त्यांना परवडतं, मग मिसळवाल्यांना का परवडू नये?

गल्ल्यावरून

इथे मी धागा काढणाऱ्या मटकीमोड यांच्या बाजूने बोलतो, कारण ही तुलना चुकीची आहे. २० लिटर सांबाराला दीड किलोच्या आसपास तूरडाळ, भाज्या, चिंच आणि फोडणीला दीड-दोनशे मिलिलिटर तेल पुरतं. कटात त्याच्या आठ-दहा पट तेल आणि वर खोबरं जातं. सांबाराचं अंग डाळीने येतं, त्यामुळे लिटरभर पाणी वाढलं तरी ते मोडत नाही. कटाचं अंग तेल आणि खोबऱ्याचं, त्यात पाणी लपत नाही. वाटीत चमचा फिरवून बघा. चांगल्या कटात तवंग बाजूला सरतो, खाली वाटणाचा दाटपणा दिसतो आणि दोन क्षणांत तवंग पुन्हा मिळून येतो. पाणी घातलेल्या कटावर तेलाचे सुटे ठिपके फिरत राहतात.

तर्रीपोहे

विदर्भात तर्रीचे पैसे मागणं कुणाला सुचणारही नाही. पदार्थच तसा आहे. भिजवलेल्या हरभऱ्याची तर्री पोह्यांवर ओतली की पोहे ती दोन मिनिटांत पिऊन टाकतात आणि बशी पुन्हा कोरडी. दुसरी पळी हा त्या प्लेटचाच भाग असतो. तिचे वेगळे पैसे लावले तर अर्धवट पदार्थ विकल्यासारखं होईल.

पण आमच्याकडे तर्री गाडीवाला स्वतःच्या हाताने घालतो. गाड्यापाशी बशी पुढे करायची, तो ओगराळ्याने घालणार. मागणं-देणं समोरासमोर असल्याने वाया काही जात नाही. टेबलावर तर्रीचा जग भरून ठेवण्याची पद्धत नाही, आणि मला वाटतं खरा फरक तिथे पडतो.

पोह्यांकडेही लक्ष द्यायला हवं, कारण तर्री मोकळ्या हाताने द्यायची तर पोहे कोरडे होऊन चालत नाहीत. जाडे पोहे चाळणीत घेऊन दोनदा पाणी फिरवायचं, दहा मिनिटं निथळू द्यायचे. एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त भिजवू नयेत. सकाळीच सहा किलो भिजवून ठेवले तर खालच्या थराचा लगदा होतो. फोडणीला किलोमागे अर्धा किलो कांदा आणि दीडशे-दोनशे मिलिलिटर तेल. झाले की उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकून वाफेवर ठेवायचे. नुसत्या मंद आचेवर ठेवले की तळाला करकरीत आणि वर चामट. पोहे कोरडे पडले की माणूस तर्री जास्त मागतो, आणि मालकाला वाटतं लोक फुकटे झालेत.

तवंग

टेबलावरच्या जगाचा मुद्दा कुणीतरी काढायलाच हवा होता. टेबलावर स्टीलचा जग भरून ठेवला की दहा मिनिटांत कट कोमट, वर तेलाची साय. गरम वाढायचं अन्न ठरावीक तापमानाच्या वर राहिलं पाहिजे, हे अन्न सुरक्षेच्या नियमांत आहेच. जग ते पाळू शकत नाही. उरलेला कट पुढच्या माणसाला जातो किंवा, त्याहून वाईट, पातेल्यात परत ओतला जातो. दुपारपर्यंत टिकणारं पातेलं त्याने लवकर खराब होऊ शकतं, कारण त्यात पावाचे तुकडे आणि उष्टा चमचा गेलेला असतो.

कट पैशाने द्या किंवा फुकट द्या, पण पातेल्यातून वाटीत आणि वाटीतून थेट माणसापुढे गेला पाहिजे. उरलेली वाटी मोरीत. वाटी १०० मिलिलिटरची ठेवा. २०० ची वाटी दिली तर निम्मी टाकून दिली जाते, हे मोरीपाशी उभं राहिलं की दिसतं. लहान वाटी दोनदा देणं हे मोठी एकदा देण्यापेक्षा स्वस्त पडतं आणि प्रत्येक वेळी गरम मिळतं. फरसाणही कुरकुरीत राहतं. सगळा कट एकदम ओतला की तीन मिनिटांत शेवेचा चिखल होतो.

माझं मत मधलं आहे. पहिली जादा वाटी फुकट, दुसरीपासून पैसे.

गल्ल्यावरून

मधला मार्ग सगळ्यात अवघड. पहिली फुकट, दुसरी पैशाने म्हटलं की मोजदाद तर आलीच, वर ‘ही माझी पहिलीच’ हा वादही आला.

तवंग

मोजदाद वाढप्याच्या डोक्यात ठेवायची गरज नाही. पैशाची वाटी वेगळ्या आकाराची ठेवा. फुकटची पितळी किंवा लहान, विकतची खोलगट. टेबलावर खोलगट वाट्या किती ते बिल करताना नजरेला दिसतं.

नाशिकरोड

आमच्याकडे काळ्या मसाल्याचा रस्सा, मिसळीबरोबर पापड, आणि रस्सा मागाल तेवढा अशीच रीत बहुतेक ठिकाणी आहे. काळ्या मसाल्यात दगडफूल, धने, खोबरं खोल भाजलेलं असतं, त्यामुळे तवंग कमी असला तरी चव पडत नाही. तेल लिटरभरात भागतं. जादा रश्श्याचा बोजा कोल्हापुरी कटापेक्षा कमी पडतो, असं माझं निरीक्षण. म्हणून एकच नियम सगळ्या गावांना लावू नये.

पण एक सांगते. पाटी लावायची असेल तर ती बाहेर, भावाच्या फळ्यावरच लावा. आत बसून दोन वाट्या घेतल्यावर बिलात कळलं की माणूस चिडतो, आणि चिडणं रास्तच आहे.

स्टँडसमोर

हमालाचं काय, याला अजून उत्तर आलेलं नाही.

मटकीमोड

तुमचा मुद्दा मला टाळता येत नाही. त्यावर सुचतं ते असं: फळ्यावर ‘कट-पाव’ हा वेगळा पदार्थ ठेवावा. ४०० मिलिलिटर कट, तळाशी दोन डाव मटकी, चार पाव, वर कांदा-लिंबू. फरसाण नाही, दही नाही. कटाचे सात रुपये वाटीमागे धरले तर १९ रुपये, पाव चार रुपयांना पडला तर १६, मटकीचे पाच-सहा. चाळीसपर्यंत खर्च जातो. मिसळ ७० ला विकणाऱ्याने हा ५० ला दिला तरी अंगावर येत नाही, आणि पोट मिसळीपेक्षा जास्त भरतं. मिसळीच्या टेबलावर मात्र जादा वाटी पैशानेच.

स्टँडसमोर

५० ला चार पाव आणि ४०० मिलिलिटर कट मिळत असेल तर माझी हरकत निम्मी गेली. उरलेली निम्मी अशी: मटकी खरंच दोन डाव हवी. ‘कट-पाव’ म्हणून नुसतं लाल पाणी दिलं जाण्याची भीती आहे, कारण स्वस्त पदार्थाकडे सगळ्यात आधी दुर्लक्ष होतं. मटकी दहा तास भिजवून, फडक्यात बांधून बारा-चौदा तास मोड आणलेली असेल तर एक किलोची दोन किलोच्या वर होते. तिथे हात आखडायचं कारणच नाही. मोड फार लांब जाऊ दिले तर उग्र वास येतो, आणि कुकरमध्ये शिट्टी केली तर दाणा फुटून कट गढूळ होतो. उघड्या पातेल्यात मीठ घालून, दाणा अखंड राहील अशी शिजवावी.

गल्ल्यावरून

कट-पाव फळ्यावर यावा, याला पाठिंबा. जादा वाटीचे पैसे, याला अजूनही विरोध. आणि ओगराळं नेहमी तळापासून फिरवून वर आणा, वरून काढू नका. पहिल्या दहा माणसांना सगळा तवंग वाढला तर दहा-दहा लिटरची रीतही उपयोगाची नाही.